विश्लेषण : नृत्याचे पोशाख शिवणारे छोटे व्यावसायिक ऐन हंगामातच अडचणीत का येतात?

दिवाळीची सुट्टी संपून नृत्यवर्ग पुन्हा सुरू झाले, की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश हमखास येतो : ‘कॉस्च्यूमचे प्रत्येकी २४०० रुपये शुक्रवारपर्यंत ताईंकडे जमा करावेत.’ त्याखाली काही अंगठे उमटतात आणि काही प्रश्न. एकदाच घालायच्या कपड्याला इतके पैसे कशाला, हा त्यातला नेहमीचा प्रश्न. दुसऱ्या बाजूला, हे पोशाख शिवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाकडे डिसेंबरात कामाला तोटा नसतो. मशीन रात्री उशिरापर्यंत चालते, नव्या ऑर्डरना नकार द्यावा लागतो. तरीही उसनवारीची वेळ याच महिन्यात येते आणि अनेक छोटे व्यवसाय बंद पडतात तेही मंदीच्या जूनमध्ये नव्हे, तर असा एखादा भरगच्च हंगाम पार पडल्यावर. हे उलटे गणित कसे घडते?

ऑर्डर कुठून येतात?

या धंद्याला वर्षात तीन-चार उधाणे असतात. गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रम, नवरात्रातील गरबा आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा शाळा-महाविद्यालयांच्या गॅदरिंगचा आणि नृत्यवर्गांच्या वार्षिक कार्यक्रमांचा काळ. लग्नसराईतील ‘संगीत’ कार्यक्रमांची त्यात गेल्या काही वर्षांत भर पडली. शास्त्रीय नृत्याचे अरंगेत्रम बहुधा शाळेच्या परीक्षा आटोपल्यावर, सुट्टी पाहून ठरते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची सत्रे वर्षातून दोनदा असतात, त्यासाठीही काही विद्यार्थी पोशाख शिवून घेतात. जून-जुलै मात्र जवळजवळ कोरडे.

ग्राहक दोन प्रकारचे. एकल नर्तक किंवा नर्तकी स्वतः येते, कापड-रंग ठरवते, दोनदा ट्रायल देते आणि पैसे स्वतः चुकवते. दुसरा प्रकार वर्गाच्या ऑर्डरचा. यात कापड-रंग ठरवतात नृत्यशिक्षिका, कपडा घालतात विद्यार्थी आणि पैसे देतात पालक. म्हणजे पोशाख शिवणाऱ्याचा व्यवहार शिक्षिकेशी आणि शिक्षिकेचा तीस घरांशी. उलाढाल या दुसऱ्या प्रकारातून होते. घोळही इथेच होतात.

घराजवळच्या शिंप्याला हे काम का जमत नाही?

शिंप्याला शिवता येते, यात शंका नाही. पण रोजचा कपडा उभ्या-बसत्या माणसासाठी बेतलेला असतो आणि नृत्याचा पोशाख हलणाऱ्या शरीरासाठी. भरतनाट्यमचे उदाहरण घ्या. यातील मूळ स्थिती अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसणे. पायजम्याचे माप सरळ उभे करून घेतले, तर पहिल्याच अडव्याला आसनाची शिवण ताणली जाते. म्हणून जाणकार माणूस मुलीला अरमंडीत बसवूनच माप घेतो. दोन पायांमध्ये उघडणारा चुण्यांचा पंखा उभे असताना पूर्ण मिटला पाहिजे आणि बसताच अर्धवर्तुळात पसरला पाहिजे. तो इंचभर लांब झाला तर पायात येतो, इंचभर आखूड झाला तर उघडल्यावर तोकडा दिसतो. ब्लाउज, पायजमा, पुढचा पंखा, मागचा भाग आणि छातीवरून जाणारा पदर असे भाग एकाच काठापदराच्या साडीतून कापून काढायचे, काठ प्रत्येक ठिकाणी नेमक्या जागी आणायचा. साडी एकदा कापली की चूक दुरुस्त करायला दुसरी साडी नसते.

हा शिवलेला पोशाख फार पुरातन आहे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याला शंभर वर्षेही झालेली नाहीत. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३५ मध्ये चेन्नईतील थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात पहिले जाहीर नृत्य केले आणि पुढच्याच वर्षी कलाक्षेत्राची स्थापना केली. त्या काळात त्यांनी मंदिरशिल्पांचा आधार घेत, एका इटालियन शिवणकार महिलेच्या मदतीने हा पोशाख नव्याने बेतला. आज माटुंगा, चेंबूर, डोंबिवली किंवा कोथरूडमध्ये शिवला जाणारा पंखा त्या प्रयोगाचाच वंशज आहे.

कथकमध्ये कसोटी घेराची. चक्कर घेताना अंगरख्याचा घेर छत्रीसारखा उभा राहिला पाहिजे, त्यासाठी तो पूर्ण वर्तुळातून कापावा लागतो. समजा कंबर २८ इंच आणि कमरेखालची लांबी ३८ इंच आहे. कमरेच्या वर्तुळाची त्रिज्या साधारण साडेचार इंच, तिच्यात ३८ मिळवले की साडेबेचाळीस. या वर्तुळाचा परीघ भरतो २६७ इंच, म्हणजे जवळपास ६.८ मीटर. एवढी लेस फक्त खालच्या कडेला लागते. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून वर्तुळाचे चार पाव भाग काढायला ४.३ मीटर कापड जाते; बाह्या आणि वरचा भाग धरला तर सहा मीटर. अस्तर वेगळे. शिवाय वर्तुळात कापलेल्या कापडाचा काही भाग उरेब येतो आणि तो स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. म्हणून अंगरखा शिवून एक-दोन दिवस टांगून ठेवायचा, मग खालची कड एकसारखी कापायची आणि त्यानंतर लेस लावायची. घाईच्या दिवसांत हे दोन दिवस हमखास गाळले जातात. रंगमंचावर एका बाजूला लोंबणारे घेर दिसतात, ते त्यामुळेच.

हिप-हॉप, जाझ किंवा बॉलीवूड नृत्याचे लायक्रासारखे ताणले जाणारे कपडे शरीराच्या मापापेक्षा लहान कापायचे असतात. साध्या मशीनचा सरळ टाका त्यावर चालत नाही. पहिल्याच उडीत तो तुटतो. ओव्हरलॉक मशीन, वेगळी सुई, वेगळा दोरा लागतो. नऊवारीचे दुखणे आणखी निराळे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर साडी अंगावर नेसायला सराव आणि वेळ दोन्ही हवेत. गॅदरिंगमध्ये कोळीगीतानंतर सात मिनिटांत लावणी असेल, तर शिवलेल्या नऊवारीला पर्याय नाही. पण लावणीत बसून अदा करताना काष्टा सुटता कामा नये आणि निऱ्या शिवलेल्या आहेत हे प्रेक्षकाला कळताही कामा नये.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शिवणीच्या आत दडलेली असते. तिला शिंपी ‘माया’ म्हणतात, म्हणजे शिवणीत दाबून ठेवलेले जादा कापड. वाढत्या वयाच्या मुलीच्या ब्लाउजला दोन्ही बाजूंनी इंच-दीड इंच माया ठेवली, तर तोच पोशाख पुढची दोन-तीन वर्षे उसवून मोठा करता येतो. तयार कपड्यात एवढी माया सहसा नसते. एकदाच घालायचा कपडा महाग वाटतो, हे पालकांचे म्हणणे बरोबरच आहे. पण हा पोशाख एकदाच घालायचा की तीनदा, हे बरेचसे मायेवर ठरते.

२४०० रुपये जातात कुठे?

उदाहरणादाखल तीस कथक पोशाखांच्या एका ऑर्डरचा हिशेब मांडू. दर ठिकाणानुसार बदलतील, पण प्रमाण साधारण असेच राहते. एका पोशाखाला सहा मीटर जॉर्जेट ११० रुपये मीटरने ६६० रुपये. अस्तर २००. घेर, गळा आणि बाह्यांना मिळून नऊ मीटर लेस २२५. चुडीदाराचे कापड २००, ओढणी १७५. दोरा, हुक, चेन ४०. एकूण सामान दीड हजार रुपयांचे. कटिंग आणि शिलाई मिळून ५५० धरले की खर्च होतो २०५०. दर सांगितला २४००. म्हणजे पोशाखामागे ३५० रुपये सुटले आणि तीस पोशाखांचे साडेदहा हजार. बहुतेक नवे व्यावसायिक हिशेब इथेच थांबवतात.

आता गाळ्याचे भाडे महिना १५ हजार धरा. माप घेण्यापासून शेवटच्या दुरुस्तीपर्यंत ही ऑर्डर वीस दिवस चालली, तर तिच्या वाट्याचे भाडे दहा हजार. उरले पाचशे. वीज, मंगलदास मार्केट किंवा उल्हासनगरच्या गजानन मार्केटच्या फेऱ्या, ट्रायलनंतर उसवून पुन्हा शिवलेले सहा ब्लाउज, हे सगळे त्या पाचशेत बसवायचे. तीसपैकी दोन मुली ऐनवेळी गळाल्या आणि त्यांच्या पालकांनी पैसे द्यायला नकार दिला, तर ४१०० रुपये खिशातून गेले. यात एक खर्च अजून कुठेच धरलेला नाही. तो म्हणजे मालकाची, किंवा बहुतेकदा मालकिणीची, स्वतःची मजुरी. रंग निवडणे, तीस मुलींची मापे, बाजार, कारागिरांमागची धावपळ, रात्री अकराला येणारे ‘ताई, गळा जरा मोठा वाटतोय’ हे फोन. या वीस दिवसांचे रोज ७०० रुपये लावले तरी १४ हजार होतात.

सगळे प्रामाणिकपणे धरले तर पोशाखाची किंमत अशी येते : सामान आणि शिलाई २०५०, भाडे ३३३, जादा कापड १००, दुरुस्ती व प्रवास १००, मालकिणीची मजुरी ४६७. बेरीज ३०५०. बाजारात तोच पोशाख २४०० ला जातो. मधले साडेसहाशे रुपये कुठून येतात? बरेचसे तिच्या न धरलेल्या श्रमातून आणि घरच्याच खोलीत मशीन असेल तर न धरलेल्या भाड्यातून. घरातून काम करणारी व्यक्ती दर पाडते, तो गाळा घेतलेल्यालाही पाळावा लागतो. आणि घरातून काम करणारीने काम वाढले म्हणून गाळा घेतला, की तिचाच जुना दर तिला परवडेनासा होतो. ‘काम वाढले, पैसा नाही’ ही तक्रार या वळणावर सुरू होते.

मग ऑर्डर जास्त म्हणजे नफा जास्त, हे खरे नाही का?

नाही, कारण पैसे येण्याआधी जातात. वरच्या ऑर्डरची किंमत ७२ हजार. निम्मी रक्कम आगाऊ मिळाली तर हातात ३६ हजार. कापड-लेसचे ४५ हजार बाजारात बहुधा रोख द्यावे लागतात. छोट्या गिऱ्हाइकाला व्यापारी उधारी देत नाहीत. कारागिरांचे साडेसोळा हजार आठवड्याच्या आठवड्याला. म्हणजे कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत साडेएकसष्ट हजार खर्च झालेले आणि साडेपंचवीस हजार स्वतःचे अडकलेले. बाकीची रक्कम पालकांकडून शिक्षिकेकडे आणि शिक्षिकेकडून पुढे, अशी कार्यक्रमानंतर सावकाश येते. डिसेंबरात अशा चार ऑर्डर घेतल्या तर अडकलेली रक्कम एक लाख दोन हजार होते. ऑर्डर जितक्या जास्त तितका खड्डा मोठा, हे असे घडते. दागिने गहाण पडतात ते काम नाही म्हणून नव्हे, काम खूप आहे म्हणून.

त्यात माणसांचा प्रश्न. शिलाईचे अनेक कारागीर उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगालमधून आलेले असतात. छठपूजा दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते. गावी गेलेला कारागीर छठ करून, रेल्वेचे तिकीट मिळेल तसा परततो आणि डिसेंबरच्या कार्यक्रमांचे काम नेमके याच दिवसांत सुरू व्हायचे असते. कथकचा पोशाख कारागिराला साधारण एक दिवस घेतो असे मानले, तर तीस पोशाखांना तीन मशीनवर दहा दिवस लागतात. चार ऑर्डरना चाळीस दिवस. पण महिन्याला रविवार वगळून दिवस मिळतात सव्वीसच. तिसरी ऑर्डर घेतानाच हे दिसायला हवे. मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या ग्राहकाला नाही म्हणणे सोपे नसते.

ज्या दिवशी पडदा उघडतो त्या दिवसापुरतीच या कपड्याला किंमत असते. दिवाळीचा शर्ट भाऊबीजेला मिळाला तर माणूस कुरकुरतो, पण घालतो. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मिळालेला पोशाख कोणीच घेत नाही. ठरलेल्या वेळी काम न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. पण तक्रारीपर्यंत सहसा वेळच येत नाही. तो वर्ग पुढच्या वर्षी दुसरीकडे जातो, एवढेच.

भाड्याचे कपडे आणि ऑनलाइन माल यांची स्पर्धा किती?

महाराष्ट्रात ‘ड्रेपरी’ हा व्यवसाय जुना आहे. नाटक, गॅदरिंग, वेशभूषा स्पर्धा यांना भाड्याने कपडे देणारी दुकाने जवळपास प्रत्येक शहरात सापडतात. कोळी, मावळा, शेतकरी, शिवलेली नऊवारी असे ठरलेले साचे तिथे डझनांनी असतात. त्यांचे गणित साधे आहे. २०५० रुपयांत तयार झालेला पोशाख ३०० रुपये भाड्याने दिला आणि दर वेळी धुण्या-इस्त्रीला ५० गेले, तर नवव्या फेरीपासून तो नफ्यात येतो. डिसेंबर ते फेब्रुवारीतील शनिवार-रविवार मोजले तर एका हंगामात तेवढ्या फेऱ्या होऊ शकतात. ऑनलाइन मिळणारे तयार पोशाख दरात आणखी खाली जातात.

या दोघांशी दरात स्पर्धा करणे हा मापाने शिवून देणाऱ्याचा आत्मघात आहे. पाचवीच्या वर्गाच्या एका नाचासाठी भाड्याचा पोशाख पुरेसा असतो आणि तसे सांगून ग्राहकाला ड्रेपरीकडे पाठवणारे व्यावसायिकही आहेत. अरंगेत्रम, स्पर्धा, परीक्षा, एकल कार्यक्रम इथे मात्र अंगाला नेमके बसणे हाच मुद्दा असतो. दोन तास नाचताना खांदा उतरत नाही, काखेत काचत नाही, घामाने रंग सुटत नाही, यासाठी लोक जास्त पैसे देतात. रंगमंचाच्या प्रकाशात कोणता रंग मरतो हे माहीत असणे, हीसुद्धा विकण्याजोगी गोष्ट आहे. दुकानातील ट्यूबलाइटखाली उठून दिसणारा गर्द लाल रंग निळ्या दिव्यात काळाच दिसू शकतो.

काहींनी मधला मार्ग काढला आहे. हंगामात शिवलेले, परत आलेले किंवा गळालेल्या मुलींचे पोशाख ते स्वतःच भाड्याने देतात.

कराचा नेमका परिणाम काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. तयार कपड्याच्या नगाची किंमत अडीच हजार रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेली तर १८ टक्के. आधी ही सीमा एक हजार रुपये होती आणि तिच्या वर १२ टक्के कर होता. म्हणजे स्वस्त पोशाखाला दिलासा मिळाला आणि महाग पोशाख आणखी महागला. सीमारेषेवर तर चमत्कारिक स्थिती होते. २५०० रुपयांचा पोशाख करासह २६२५ ला पडतो. २६०० चा पडतो ३०६८ ला. मूळ किमतीत शंभराचा फरक, ग्राहकाच्या खिशात ४४३ रुपयांचा. वर काढलेली ३०५० ही प्रामाणिक किंमत लावली, तर नोंदणीकृत व्यावसायिकाचे बिल ३५९९ रुपयांचे होते. अंगाला बसणारी किंमत सांगायची की अडीच हजारांच्या आत कोंबायची, असा हा पेच आहे.

अर्थात सर्वांना नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात केवळ मालविक्री असेल तर वार्षिक उलाढाल ४० लाखांवर आणि सेवा असेल तर २० लाखांवर गेल्यावर नोंदणी सक्तीची होते. ग्राहकाने स्वतःची साडी आणून दिली आणि तुम्ही फक्त शिलाई घेतली, तर ती सेवा धरली जाते आणि तिचे गणित तयार मालापेक्षा वेगळे असते. पण एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या राज्यात माल विकायचा असेल, तर सर्वसाधारणपणे उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी घ्यावी लागते. इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा मडगावच्या मंडळाची ऑर्डर आनंदाने स्वीकारण्याआधी कर सल्लागाराला विचारलेले बरे.

परदेशातील ऑर्डरचे काय?

महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम, उत्तर अमेरिकेत दर दोन वर्षांनी होणारे बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन, तिथल्या मुलींची अरंगेत्रमे यांमुळे परदेशातील मराठी कुटुंबे हा चांगले पैसे देणारा ग्राहक ठरतो. मापे व्हिडीओ कॉलवर घेतली जातात, चुकण्याची शक्यता म्हणूनच जास्त असते आणि माया दुप्पट ठेवावी लागते. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलना असलेली आयातशुल्काची सवलत बंद केली. त्याच सुमारास भारतीय टपाल खात्याने तिकडची पार्सलसेवा काही आठवडे थांबवली होती. तेव्हापासून पार्सलवरील शुल्क कोण भरणार हे ऑर्डर घेतानाच ठरवणे भाग झाले आहे.

सरकारी योजना आणि कायद्याचा आधार मिळतो का?

थोडा मिळतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. त्यात अवजारांसाठी १५ हजारांचे साहाय्य, पहिले कर्ज एक लाखापर्यंत आणि ते फेडल्यावर दुसरे दोन लाखांपर्यंत, ५ टक्के व्याजाने. पण ही योजना स्वतः हाताने काम करणाऱ्या कारागिरासाठी आहे. चार कारागीर ठेवून केवळ डिझाइन करणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये.

एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. कागदावर ही तरतूद जबरदस्त आहे. मात्र ज्या शाळेकडून दर वर्षी ऑर्डर येते तिच्यावर व्याजाचा दावा लावण्याची छाती किती जणांची असेल, हा प्रश्नच आहे.

नक्कल हा आणखी एक घसा कोरडा करणारा विषय. ‘इन्स्टाग्रामवर पाहिला, अगदी असाच हवा’ म्हणून दुसऱ्याचा फोटो पुढे केला जातो आणि आपला नवा घाट पुढच्या हंगामात तिसऱ्याच्या दुकानात लटकलेला दिसतो. डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी केली तर दहा वर्षे आणि मुदत वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवले नाही आणि औद्योगिक पद्धतीने त्याच्या पन्नासहून अधिक प्रती निघाल्या, तर त्यावरील कॉपीराइटही संपतो. दर हंगामाला फॅशन बदलणाऱ्या धंद्यात पंधरा वर्षांच्या संरक्षणासाठी खटपट फारसे कोणी करत नाही.

टिकून राहतात ते वेगळे काय करतात?

ते आधी तारखा विकतात, मग कापड दाखवतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक ऑर्डरचे मशीनदिवस लिहिलेले असतात. पान भरले की ऑर्डर बंद. आगाऊ रक्कम निम्मी न घेता निदान सगळे सामान आणि थोडी शिलाई निघेल एवढी, म्हणजे साठ-सत्तर टक्के घेतात आणि उरलेली पोशाख ताब्यात देताना. पैसे शिक्षिकेमार्फत न फिरवता प्रत्येक पालकाकडून थेट यूपीआयने घेतात. त्यामुळे शिक्षिकेच्या डोक्यावरची वसुलीही जाते आणि कोणाचे राहिले ते लगेच दिसते. जून-जुलैत पांढरे अस्तर, चुडीदार, साधे ब्लाउज अशी कोणत्याही रंगाला चालणारी कामे करून ठेवतात, म्हणजे कारागीरही टिकतो. बिलावर ट्रायल किती, दुरुस्ती किती वेळा मोफत आणि कोणत्या तारखेनंतर गळा, रंग, लेस बदलणार नाही, हे छापलेले असते.

आणि तीस पोशाखांच्या ऑर्डरला कापड ते बत्तीस पोशाखांचे घेतात. त्या दोनांचे तीन हजार रुपये तीस जणांत वाटले की पोशाखामागे शंभर होतात. वरच्या हिशेबात ‘जादा कापड’ म्हणून धरलेले ते हेच. कारण त्याच रंगाचा तोच तागा पंधरा दिवसांनी बाजारात मिळेलच असे नाही आणि कार्यक्रमाच्या चार दिवस आधी फोन तर येतोच : ‘ताई, एक मुलगी वाढलीये.’